तिसऱ्या कुलपाचे बारा शब्द

मला अजूनही फोन येतात. मागच्या आठवड्यात कारंजा घाडग्याहून एका ढाबेवाल्याचा आला. हायवेवर त्याचा धंदा झकास चालतो, ट्रकांची रांग लागते, आणि आता त्याला ढाब्याच्या नावाने टोकन, म्हणजे बिटकॉइनसारखं इंटरनेटवरचं नाणं, काढून पैसे उभे करायचे आहेत. "ताई, तुमी काढलं होतं म्हणे. काय काय लागते, तेवढं सांगून द्या ना." पाटवडी रस्स्याची कृती विचारावी तसं विचारलं त्याने. मीही कृती सांगावी तसंच सांगितलं. आधी एक पुस्तिका लिहावी लागते. आपण काय करणार, पैसे कशाला हवेत आणि बुडाले तर काय, हे त्यात खरं खरं असावं लागतं. एक वकील लागतो, जो प्रत्येक वाक्यावर "असं लिहू नका" म्हणतो. प्रोग्रॅम लिहिणारं एक माणूस लागतं आणि त्याच्या चुका काढणारं दुसरं, तेही पहिल्याच्या नात्यागोत्यातलं नसलेलं. वेबसाइट लागते. शंभर लोकांचा ग्रुप आणि त्यांच्या हजार शंकांना उत्तरं द्यायला थंड डोकं लागतं. आणि चेहरे लागतात, कारण लोक शेवटी चेहरा बघूनच पैसे देतात.

"बस, इतकंच?" तो म्हणाला.

मी इतकंच म्हणून फोन ठेवला. खरं तर मला त्याला माझ्या बाबांबद्दल सांगायचं होतं, पण परक्या माणसापाशी फोनवर रडायची मला लाज वाटली.

मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. दुसऱ्याने लिहिलेला प्रोग्रॅम कुठे मोडेल ते शोधायचा मला पगार मिळतो. पुण्याच्या कंपनीने एका सकाळी आमची अख्खी टीम घरी पाठवली, तेव्हा मी भांडीकुंडी मैत्रिणीकडे टाकून आंजीला आईबाबांकडे आले. बाबा एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले होते. वर्धा-आर्वी हा त्यांचा रस्ता, आणि आमचं गाव त्या रस्त्यावरच. त्यांचं शिक्षण दहावीपर्यंतचं, पण पाठांतर असं की कोणीही हात टेकावेत. लहानपणी मला रसायनशास्त्रातली मूलद्रव्यं काही केल्या पाठ होईनात, तेव्हा त्यांनी ती एसटीत बसवली. वर्ध्याला हायड्रोजन, पिपरीला हेलियम, असं करत आर्वीपर्यंत. "एकेकाले एकेका थांब्यावर उतरवून द्यायचं बाई," ते म्हणायचे, "मंग कोणी हरवत नाई." मला ती मूलद्रव्यं आजही त्याच क्रमाने आठवतात, आणि प्रत्येक थांब्यावर बाबांची शिट्टी ऐकू येते.

डाळमिलची कल्पना माझी. आमच्या गावची तूर वर्ध्याच्या बाजारात जाते आणि डाळ होऊन, पाकिटात बसून, दुप्पट तोऱ्यात परत येते. ती इथेच भरडली तर दहा-बारा घरांना काम मिळेल. बँकेत तीन चकरा मारल्या, दर चकरेला नवा कागद निघाला. मग माझ्याबरोबरच नोकरी गेलेली पुण्याची मैत्रीण म्हणाली, टोकन काढू. तिला ते तंत्र येत होतं. आम्ही ठरवलं की एक टोकन म्हणजे मिल सुरू झाल्यावर दरवर्षी एक किलो डाळ आणि मिलच्या कारभारात एक मत. गावाने लगेच त्याला "डाळीचं नाणं" म्हणायला सुरुवात केली. पुण्या-बंगळूरला, दुबईला गेलेली आमच्या वस्तीतली लेकरं होती, साहेब झालेले होते. त्यांच्याकडून पैसा येईल असा माझा हिशेब होता, आणि तो चुकला नाही.

चुकलं ते दुसरीकडे. आमच्या विहारातल्या दानपेटीला तीन कुलपं आहेत. तीन चाव्या तीन जणांकडे असतात. पौर्णिमेला वंदना झाली की तिघे सगळ्यांसमोर उठतात, एकेक कुलूप काढतात, आणि मगच पेटी उघडते. तिघांतला एक आला नाही तर पेटी पुढच्या पौर्णिमेपर्यंत बंद. मी जन्मल्यापासून हेच पाहत आले. एका कुलपाची चावी बाबांकडे होती, त्यांच्या जुन्या कंडक्टरच्या जुडग्यात. दुसरी गुरुजींकडे, म्हणजे ज्यांनी अर्ध्या गावाला बाराखडी शिकवली ते आमच्या विहाराचे अध्यक्ष.

टोकनाचे पैसे ज्या खात्यात जमतात त्यालाही अशा चाव्या ठेवता येतात, हे मी विहारातल्या बैठकीत सांगितलं, तेव्हा सगळ्यांचे चेहरे उजळले. इथवर टोकन ज्या तंत्रावर चालतं ते ब्लॉकचेन म्हणजे काय हे सांगून मी घसा कोरडा केला होता आणि लोक नुसती मान हलवत होते. कुलूप म्हटल्याबरोबर त्यांना सगळं कळलं. गुरुजी, बाबा आणि मी अशा तीन चाव्या ठरल्या. मैत्रीण पुण्याहून व्हिडिओ कॉलवर होती. ती म्हणाली, तिघांपैकी कोणत्याही दोघांची चावी लागली की उघडेल असं करू, सगळीकडे तसंच करतात.

"दोनच?" आमच्या शेजारच्या मावशी म्हणाल्या. त्यांनी नुकतीच बकरी विकून दहा नाणी घ्यायचं ठरवलं होतं. "मंग तिसरं कुलूप कायले लावता, शोभेले?"

लोक हसले. बाबा मात्र उठून उभे राहिले. "पेटीचे तीन कुलपं म्हंजे तीन कुलपं," ते म्हणाले. "दोघानं उघडलेली पेटी आपल्या विहारात कोणी पाह्यली हाये का? लोकायचा पैसा हाये. तिघंही लागतीन."

टाळ्या पडल्या. मैत्रीण स्क्रीनवरून मला खुणावत होती. नंतर तिने मला एकटीला फोन केला. "दोघं साठीच्या पुढचे आहेत गं. काही बरंवाईट झालं तर?" मला असा राग आला! माझे बाबा रोज चार किलोमीटर चालतात, तुझ्या-माझ्यापेक्षा ठणठणीत आहेत, असं काहीबाही मी तिला सुनावलं. आणि खरं सांगायचं तर मला ते तीन कुलपांचं आवडलं होतं. पुस्तिकेत घालायला इतकं सुरेख वाक्य दुसरं मिळालं नसतं. मराठीत आणि इंग्रजीत, दोन्हीकडे मी ते ठळक अक्षरांत घातलं: तिन्ही चाव्या लागल्याशिवाय एक रुपयाही हलणार नाही. वकिलाने शंभर वाक्यं खोडली, त्या एकाला हात लावला नाही. दुबईहून लोकांनी तेच वाक्य एकमेकांना पाठवलं.

वेबसाइटसाठी फोटो काढायचा होता. बाबांनी इस्त्रीचा पांढरा सदरा घातला, केसांना तेल लावलं आणि तिकिटं तपासणारा चेकर गाडीत चढला की उभे राहायचे तसे ताठ उभे राहिले. हसा म्हटलं तर म्हणाले, "पैशाच्या कामात हासू नाई." तो फोटो अजून तसाच वेबसाइटवर आहे.

चावी म्हणजे बारा इंग्रजी शब्द, ठरावीक क्रमाने. ते शब्द कुठल्याही फोनमध्ये टाकले की सही करता येते, म्हणजे पैसे सोडायला आपली मंजुरी देता येते. फोनवर तयार झालेले शब्द ज्याचे त्याने कागदावर उतरवून घेतल्यावर ते फोन मी स्वतः पुसून कोरे केले, कारण फोन चोरीला जातो. फसवणुकीच्या इतक्या गोष्टी मी वाचल्या होत्या की बाबांना बसवून तासभर घाबरवलं. कोणाला सांगायचे नाहीत, कुठे लिहून ठेवलेत ते कोणाला कळू द्यायचं नाही.

"तुह्या मायलेही नाई?"

"आईलाही नाही. मलासुद्धा नाही."

"तुलेही नाई?" ते थोडे चमकले. मग म्हणाले, "बरं. नाई सांगत."

चार-सहा दिवसांनी मी अंगणात लॅपटॉपवर काम करत होते, तर ते येऊन हळूच म्हणाले, "कागद चुलीत टाकला. पाठ झालं सगळं. वर्ध्यापासून आर्वीलोक बारा थांबे धरले, एकेकाले एकेक देऊन टाकला." केवढा आनंद होता त्यांच्या चेहऱ्यावर. नातवाने पहिला नंबर आणावा तसा. त्याच क्षणी मला किंचाळायला हवं होतं. कागद जाळायचा नव्हता, जपायचा होता. पण विक्री सुरू व्हायला दोन दिवस होते, ग्रुपवर शंकांचा पाऊस पडत होता, आणि बाबांचं पाठांतर म्हणजे माझ्या लेखी तिजोरीच. मी म्हटलं, "वा बाबा," आणि पुन्हा स्क्रीनकडे वळले.

माझं काम काय? कुठे मोडेल ते शोधणं. मी यादी केली होती. फोन चोरला तर. कागद चोरला तर. दोघांनी संगनमत केलं तर. कोणी मारहाण करून शब्द काढून घेतले तर. प्रत्येकापुढे मी बरोबरची खूण केली. तिघांतलं एक माणूस मेलं तर, हा प्रश्न माझ्या यादीत नव्हता. चोराची कल्पना मी हजार प्रकारे केली, बाबांच्या मरणाची एकाही प्रकारे केली नाही.

विक्री ठरल्या मुदतीच्या आधीच पूर्ण झाली. विहारात पेढे वाटले. मिलच्या मशीनवाल्याला पहिला हप्ता पुढच्या पौर्णिमेला द्यायचा, तोही पेटीसारखाच सगळ्यांसमोर, वंदनेनंतर, तिघांनी उठून, असं ठरलं. गुरुजींनी त्यासाठी नवा चष्मा करून घेतला.

पौर्णिमा तीन दिवसांवर होती. बाबा सकाळी फिरायला गेले आणि एसटीच्या थांब्यापाशी पडले. चहाच्या टपरीवाल्याने ओळखलं, ऑटोत घालून आणलं, तिथून आम्ही वर्ध्याला दवाखान्यात. मेंदूत रक्त गोठलं होतं. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, समजतं आहे त्यांना थोडंफार, बोलता मात्र येणार नाही. किती दिवस काढतील सांगता येत नाही.

मला सांगायला आवडेल की त्या वेळी मला फक्त बाबा दिसत होते. तसं नव्हतं. मला ग्रुप दिसत होता, मावशींची बकरी दिसत होती, पुस्तिकेतलं ते ठळक वाक्य दिसत होतं. मैत्रिणीला फोन केला. पैसे काढायला काही मागचं दार? ती रडायलाच लागली. मागचं दार नाही, म्हणूनच तर लोकांनी पैसे दिले, म्हणाली. दानपेटीची एक चावी पूर्वी एकदा विहिरीत पडली होती, तेव्हा लोहाराने येऊन कुलूप कापलं होतं. हे कुलूप कापणारा लोहार जगात नव्हता.

पहिले काही दिवस मी थांबे घेऊन बसले. "बाबा, वर्धा. वर्ध्याला कोण बसलं?" ते माझ्याकडे बघायचे. ओठ हलायचे, तोंडाच्या एका कोपऱ्यातून लाळ यायची, आवाज असा यायचा की तो त्यांचाही वाटायचा नाही. मग डोळ्यांतून पाणी. आई पदराने पुसायची. ती आयुष्यभर दुसऱ्यांच्या शेतात राबलेली, सही तेवढी शिकलेली. तिला सगळं कळलेलं नव्हतं, पण मी काहीतरी मागते आहे आणि त्यांना ते देता येत नाही, एवढं कळलं होतं. "राहू दे ना माय," ती म्हणायची. "काऊन छळून राह्यली त्यायले?"

तिला मी विचारलं, बाबा शब्द कधी तुझ्यासमोर म्हणायचे का. "रोज सकाळी आंघोळीच्या वेळेस काईतरी इंग्रजी पुटपुटत," ती म्हणाली. "मले वाटे, दुबईवाल्यायसोबत बोलाची तयारी करून राह्यले." एकही शब्द तिला सांगता आला नाही.

मग मला युक्ती सुचली. हे शब्द कुठूनही येत नाहीत, दोन हजार अठ्ठेचाळीस शब्दांची एक जगजाहीर यादी आहे, तिच्यातूनच येतात. मी ती फोनवर उघडली. बाबांचा डावा हात चांगला होता. तो हातात घेतला आणि म्हटलं, "बाबा, मी एकेक शब्द वाचते. तुमचा शब्द आला की माझा हात दाबा. फक्त तुमच्या शब्दाला. कळलं?" त्यांनी हात दाबला. कळलं होतं. मला केवढी आशा वाटली!

दुपार होती. वॉर्डात पंख्याचा आवाज आणि कोणाच्या तरी डब्यातल्या वरणाचा वास. मी वाचायला लागले. अबँडन. त्यांनी दाबला. मी लिहून घेतला. एबिलिटी. दाबला. एबल. दाबला. अबाउट. दाबला. पहिले दहा-बारा शब्द मी लिहीत गेले, मग थांबले. म्हटलं, "बाबा, प्रत्येकाला नाही. फक्त तुमचा आला की." पुन्हा सुरू केलं. पुन्हा दर शब्दाला तो हात माझा हात दाबत होता, कधी जोरात, कधी नुसता धरून ठेवल्यासारखा. मी दोनशे शब्दांपर्यंत गेले. माझा आवाज चढत गेला. शेजारच्या खाटेवरच्या पेशंटची बायको वळून बघायला लागली.

"बाबा, असं दर शब्दाला दाबू नका! काय उपयोग आहे याचा?"

मी ओरडले. त्यांचा हात चादरीवर ठेवला आणि दोन्ही हातांनी फोन धरून यादी पुन्हा पहिल्यापासून बघायला लागले, की कुठे जरा जास्त जोराने दाबलं होतं का. हात तसाच उघडा पडून राहिला, तळवा वर. मला तो दिसत होता. मी तो उचलला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली औषधं आणायला गेले होते, तेवढ्यात ते गेले. अकरा दिवस काढले त्यांनी. अकरा दिवस मी त्यांच्याजवळ होते, आणि त्यातल्या एकाही दिवशी मी त्यांना दुसरं काही विचारलं नाही. दुखतं का, भीती वाटते का, पाणी हवं का. काहीच नाही.

घरी येऊन मी काय केलं तेही सांगते, लपवून काय करायचं? बाबांची ट्रंक उपसली. सदऱ्यांचे खिसे, जुनी तिकिटांची पेटी, भिंतीवरच्या फोटोंच्या मागची बाजू, पोथीसारखी जपलेली वंदनेची पुस्तिका, पान न् पान. आई दारात बसून बघत होती. काही नव्हतं. मी बाबांना सांगितलं होतं कोणाला सापडू देऊ नका, म्हणून त्यांनी कुठे ठेवलंच नव्हतं. मी सांगितलं होतं मलाही सांगू नका. माझं इतकं ऐकणारं माणूस मला पुन्हा भेटणार नाही.

बाबांच्या पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे श्रद्धांजलीच्या दिवशी विहार भरला होता. सगळे पांढऱ्या कपड्यांत. वंदना झाली, त्रिशरण-पंचशील झालं, दोघातिघांनी बाबांच्या आठवणी सांगितल्या. सुट्या पैशांवरून ते कधी कोणाशी भांडले नाहीत, म्हाताऱ्या माणसासाठी गाडी थांब्याच्या पुढेसुद्धा उभी करायला लावत, असं काय काय. मग मी उठले. मी काय बोलायला उठले आहे हे अर्ध्या लोकांना ठाऊक होतं. मी सांगितलं, पैसे आहेत. कोणी खाल्ले नाहीत, कोणी चोरले नाहीत, जगात कोणालाही ते बघता येतात. पण ते आता कधीच निघणार नाहीत, कारण तिसरी चावी बाबांबरोबर गेली, आणि दोन चाव्यांवर उघडेल असं करायचं सुचवलेलं असताना मी ते ऐकलं नाही. माझी चूक आहे, बाबांची नाही. मी नोकरी धरेन आणि गावातल्या ज्यांनी नाणी घेतली त्यांचे पैसे एकेक करून परत देईन. गुरुजींनी खिशातून आपला बारा शब्दांचा कागद काढला, त्याच्याकडे नव्या चष्म्यातून पाहिलं, आणि घडी घालून परत ठेवला.

मला वाटलं आता बोलणी खावी लागतील. मी त्यासाठी मन घट्ट करून आले होते. बोलणी खाल्ली असती तर बरं वाटलं असतं.  आज मी नागपूरला नोकरी करते, दर महिन्याला थोडे थोडे देते, आणि निम्म्या लोकांनी अजून मागितलेलेच नाहीत. त्यांच्या दारात पैसे घेऊन जावं तर चहा देतात.

त्या दिवशी फक्त शेजारच्या मावशी उभ्या राहिल्या. बकरी विकलेल्या. मी पदराचं टोक घट्ट धरलं.

"बाई, एक विचारू?" त्या म्हणाल्या. "शेवटी शेवटी त्याले लय तरास झाला का वं?"

सगळा विहार माझ्याकडे बघत होता. सोपा प्रश्न होता. अकरा दिवस खाटेशी बसलेल्या मुलीला त्याचं उत्तर यायलाच हवं. मी आठवून पाहिलं तर मला बाबांचा चेहरा आठवेना. मला ती यादी आठवत होती, अबँडन, एबिलिटी, एबल, अबाउट. त्यांना त्रास झाला की नाही हे मला माहीत नव्हतं, कारण मी बघितलंच नव्हतं.

बायकांच्या बाजूने आईचा आवाज आला. ती बसल्या जागेवरूनच बोलली.

"नाई झाला तरास," ती म्हणाली. "पोरीचा हात धरून होते ते."

मावशींनी डोळे पुसले, हात जोडले आणि बसल्या. आसपासच्या बायकांनी चांगलं झालं म्हणून माना हलवल्या. मी समोर उभी होते आणि आईकडे बघत होते. त्या दुपारी ती खाटेच्या पलीकडच्या बाजूला बसली होती. मी हात खाली ठेवला ते तिने पाहिलं होतं. माझ्यासाठी ती खोटं बोलली, की तिला खरंच तेवढंच लक्षात ठेवायचं आहे, हे मी तिला अजून विचारलेलं नाही.